घरातील कोरफडीची मुळे कुजली आहेत असे वाटते. रोप कसे वाचवावे?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

नमस्कार. वास्तुशांतीला भेट म्हणून आलेले कोरफडीचे एक रोप आमच्या दिवाणखान्यात, पूर्वेकडच्या खिडकीशी ठेवलेले आहे. उन्हाळाभर ते टवटवीत होते आणि बुंध्याशी दोन पिल्लेही आली होती. आषाढ लागल्यापासून मात्र त्याची रया गेली आहे. खालची पाने बुडाशी पाणचट आणि करड्या-तपकिरी रंगाची झाली असून बोट लावले तर आतला गर विरघळल्यासारखा लागतो. मधली पाने अजून हिरवी आहेत, परंतु ती पातळ पडून आतल्या बाजूला वळली आहेत. रोप हलके धरून हलवले तर ते कुंडीत डुगडुगते.

कुंडी चिनी मातीची, आतून-बाहेरून चकचकीत आहे आणि तिच्या तळाला भोक नाही. माती वरून लाल दिसते, पण बोट खुपसले की आत नारळाचा भुसाच अधिक लागतो. पाने वळलेली पाहून घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत पडले की रोपाला पाणी कमी पडत आहे. मला मात्र उलट संशय येतो, कारण साताऱ्यात गेले काही दिवस झड लागलेली आहे आणि कुंडी उचलली तर ती चांगली जड लागते. नुसती खराब पाने काढून भागेल की मुळांपासून उपाय करावा लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मिरजेची_गच्ची

ताई, तुमचा संशय बरोबर आहे. कोरफडीचे पान दोन परस्परविरुद्ध कारणांनी पातळ पडते आणि वळते, त्यामुळे नुसत्या पानावरून निदान करू नये. पाणी खरोखर कमी पडले असेल तर माती कोरडी ठणठणीत असते, कुंडी हलकी लागते, पानांवर सुरकुत्या पडतात, पण पान चिवट राहते आणि रोप मातीत घट्ट उभे असते. तुमच्याकडे माती ओली, कुंडी जड आणि रोप मात्र डुगडुगते आहे, म्हणजे मातीत पाणी असूनही ते वर ओढून घेणारी मुळे आता शिल्लक नाहीत. पाने तहानलेली आहेत हे घरातल्यांचे निरीक्षण चुकीचे नाही, परंतु आणखी पाणी घातल्याने ती तहान भागणार नाही, उलट उरलीसुरली मुळेही जातील.

खालच्या पानांचा बुडखा पाणचट होणे म्हणजे कूज मुळांतून बुंध्याकडे चढू लागली आहे. तेव्हा रविवारची वाट न पाहता आजच रोप कुंडीतून बाहेर काढा आणि काढल्यावर मातीचा वास घ्या. निरोगी मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो, कुजलेल्या मुळांच्या मातीला गटारासारखा आंबूस दर्प येतो.

प्रीतिसंगम_कराड

मी शेती विस्ताराच्या कामात नोकरी केलेला माणूस आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पुष्कळदा लोक बुरशीनाशकापासून सुरुवात करतात आणि रोप गमावतात. मूळ कारण समजले तर उपाय आपोआप सुचतो.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून प्राणवायू मुळांपर्यंत जातो, आणि त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की तो मार्ग जवळजवळ बंद होतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. आपल्याकडे कृष्णाकाठच्या चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या रानात उसाचे जे होते तेच बिनभोकाच्या कुंडीत कोरफडीचे होते: पाणी आहे, खत आहे, पण वाफसा, म्हणजे मातीत ओलीबरोबर हवाही खेळती असणे, नाही, म्हणून पीक पिवळे पडून बसते. आधी मुळे गुदमरून मरतात, आणि मग पिथियम, फायटोप्थोरा किंवा फ्युजेरियम यांसारखे मातीतले रोगकारक त्या मेलेल्या व दुबळ्या मुळांवर तुटून पडतात. अनेकदा त्यांच्या जोडीला जिवाणूही येतात, आणि गर पाणचट होऊन घाण वास सुटतो तो बहुतेक त्यांच्यामुळे.

कोरफडीला हा धोका इतर शोभेच्या झाडांपेक्षा अधिक असतो. ती मूळची अरबी द्वीपकल्पातील कोरड्या प्रदेशाची वनस्पती आहे. तिच्या पानांवरची छिद्रे दिवसा मिटलेली असतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात, त्यामुळे ती पाणी फारच थोडे खर्च करते. मनी प्लांटची कुंडी पाने स्वतःच उपसून कोरडी करतात. कोरफड तसे करू शकत नाही. त्यात आषाढ-श्रावणातील दमट हवा, ढगाळ उजेड, चकचकीत कुंडी आणि पाणी धरून ठेवणारा नारळाचा भुसा हे सगळे एकत्र आले, तर उन्हाळ्यात आठवड्यात वाळणारी माती महिनाभर ओली राहते.

आता प्रत्यक्ष काम. रोप उपटू नका. कुंडी आडवी करून मातीसकट गोळा बाहेर सरकवा. माती हाताने मोकळी करा आणि चिकटून राहिलेली माती साध्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुऊन टाका, म्हणजे मुळे स्पष्ट दिसतील. चांगले मूळ पांढुरके किंवा पिवळसर, जाडसर आणि दाबले तर टणक लागते. कुजलेले मूळ काळपट, बुळबुळीत असते, आणि ते चिमटीत धरून ओढले तर वरची साल मोज्यासारखी निघून येते व आत केवळ एक दोरा उरतो. असे प्रत्येक मूळ कापायचे, मग फक्त टोक खराब असले तरी चांगला भाग थोडा घेऊनच. पाते नवे घ्या आणि प्रत्येक कापानंतर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटने पुसा, नाहीतर तेच पाते कूज चांगल्या मुळात नेऊन ठेवते.

मुळांहून महत्त्वाचा आहे तो बुंधा. खालची पाणचट पाने बुडापासून सोलून काढा आणि बुंध्याचा आडवा छेद पाहा. मध्यभागी तपकिरी ठिपका किंवा कडे दिसत असेल तर पातळ चकती आणखी कापा, पुन्हा पाहा, आणि छेद सर्वत्र स्वच्छ, फिकट हिरवा-पांढरा दिसेपर्यंत कापत राहा. हे करताना हात आखडतो, हे मला ठाऊक आहे. परंतु ठिपका ठेवला तर तो वर चढतोच. सगळी मुळे गेली तरी चालेल, शेंड्याचा कोंब आणि थोडा निरोगी बुंधा राहिला तर कोरफड नवी मुळे फोडते. कापताना पानांतून पिवळा चीक येईल आणि हवा लागून तो लालसर-तपकिरी होईल, त्याला कूज समजू नका. तो कोरफडीचा स्वाभाविक रस आहे आणि तोच आटवून, वाळवून काळा बोळ नावाचे औषध करतात.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. रोप बाहेर काढले. वास आपण लिहिला तसाच होता. कुंडीच्या तळाशी बोटभर काळे पाणी साचलेले होते, आणि भुशाचा खालचा थर पिळला तर स्पंजसारखे पाणी गळत होते. मुळांची साल खरोखर मोज्यासारखी निघून आली आणि हातात दोरे राहिले. बुंध्याच्या छेदात एका बाजूला नखाएवढा तपकिरी डाग होता. चकत्या कापत गेले तेव्हा तो लहान होत होत नाहीसा झाला. आता शेंड्याची सहा पाने, त्याखाली अंगठ्याच्या पेराएवढा बुंधा आणि केवळ दोन चांगली मुळे उरली आहेत. एक पिल्लू कुजले होते, दुसरे मात्र स्वतःच्या पांढऱ्या मुळांसह सुखरूप निघाले, ते वेगळे केले आहे.

दोन प्रश्न आहेत. कापलेल्या जागी औषध काय लावावे? आणि या दमट हवेत जखम सुकणार कशी?

द्राक्षबाग_तासगाव

औषधाबद्दल आमच्या बागेतल्या अनुभवावरून सांगतो. कृषी सेवा केंद्रात बुरशीनाशक मागितले की बहुतेक ठिकाणी कार्बेन्डाझिमची पुडी हातात पडते. ते फ्युजेरियमसारख्या खऱ्या बुरशीवर चालते, पण पिथियम आणि फायटोप्थोरा या खऱ्या अर्थाने बुरशी नव्हेतच. त्यांच्या पेशीची भिंत वेगळी, रचना वेगळी, आणि कार्बेन्डाझिमचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. द्राक्षावरचा केवडा, म्हणजे डाऊनी, याच कुळातला. म्हणून द्राक्षबागायतदाराच्या घरी केवड्यासाठी आणलेले मेटॅलॅक्सिल आणि मँकोझेब यांचे मिश्रण असते, ते पाणी साचून झालेल्या कुजीवर अधिक उपयोगी पडते. प्रमाण साधारण लिटरला दोन ग्रॅम. त्या द्रावणात मुळे आणि बुंधा काही मिनिटे बुडवून काढा. हातमोजे घाला, आणि स्वयंपाकघरातले भांडे यासाठी वापरू नका.

मात्र एका रोपासाठी नवा पुडा विकत आणण्याची गरज नाही. ओळखीच्या बागायतदाराकडे असेल तर चिमूटभर घ्यावे, नसेल तर त्यावाचून अडत नाही. सगळा कुजका भाग निघालेला असला आणि जखम नीट सुकली तर रोप बिनऔषधाचेही लागते. कुजका भाग तसाच ठेवून वरून औषध ओतले तर मात्र कोणतेही औषध उपयोगाचे नाही, कारण जिवाणूंच्या कुजीवर यांतले काहीच चालत नाही.

गावभाग_सांगली

आमच्याकडे आजी कापलेल्या जागी हळद लावत असे. ज्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले ती आमच्या सांगलीची हळद याला चालेल का, की तो केवळ समज आहे?

प्रीतिसंगम_कराड

चालेल. हळदीत जंतूंची वाढ रोखणारे गुण आहेत आणि कोरडी पूड जखमेवरचा ओलावा शोषून घेते. पण ती अगदी कोरडी असावी आणि भुरभुरल्यासारखी पातळ लावावी. पाण्यात कालवून लेप दिला तर खाली ओल कोंडते आणि उद्देशच फसतो. लाकडी कोळशाची बारीक पूड किंवा दालचिनीची पूड हेही चालते, मात्र दालचिनी निरोगी मुळांना लागू देऊ नये, ती त्यांना सुकवते.

ताई, आता तुमचा दुसरा प्रश्न. जखम सुकवणे हा या उपचाराचा खरा गाभा आहे आणि लोक नेमके इथेच घाई करतात. रोप वर्तमानपत्रावर आडवे ठेवा, किंवा सुतळीने बांधून शेंडा वर ठेवून टांगा. जागा सावलीची पण उजेडाची, आणि पंख्याचा वारा लागेल अशी असावी. कोरड्या हवेत तीन-चार दिवसांत काप सुकतो, पावसाळ्यात आठवडा किंवा त्याहून अधिक लागतो. कापावर बोट फिरवल्यावर तो कोरडा, किंचित चामड्यासारखा लागला पाहिजे. तोपर्यंत लावणी नाही. रोप मातीबाहेर मरेल अशी भीती बाळगू नका. आपल्याकडे खेडोपाडी दाराच्या चौकटीला दृष्ट लागू नये म्हणून कोरफड उलटी टांगतात, ती माती-पाण्याशिवाय महिनोन्महिने हिरवी राहते आणि तिचा शेंडा वळून वर येतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

वाईचा_घाट

लावणीच्या मातीविषयी माझे थोडे. सांगली-मिरजेकडची काळी माती एकटी कधीही वापरू नये. ती पाणी पिऊन फुगते, घट्ट बसते आणि वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते, मग घातलेले पाणी कडेने निसटून जाते. आमच्याकडची पाचगणी-महाबळेश्वराच्या बाजूची तांबडी जांभ्याची माती त्या मानाने मोकळी, पण तिलाही भर लागतेच. मी एक भाग बागेतली माती, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचे आणि कौलांचे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे तुकडे, आणि त्यात दोन मुठी जुने शेणखत व मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण करते. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, तेव्हा क्रश सँड घेतली तरी चालते, परंतु ती चाळून आणि दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावी, कारण तिच्यातली दगडाची भुकटी पोकळ्या बुजवते. विटांचे तुकडेही धुऊनच घ्यावेत. साखर कारखान्याच्या मळीचे खत आमच्या भागात मुबलक आहे आणि इतर झाडांना ते मानवते, कोरफडीच्या कुंडीत मात्र ते पाणी धरून ठेवते, म्हणून टाळावे.

कुंडी भाजक्या मातीची घ्या, आणि तळाला दोन बोटे खडे पसरून त्यावर माती भरा, म्हणजे पाणी खाली निथळते.

मिरजेची_गच्ची

वाईच्या ताईंचे मिश्रण उत्तम आहे, मी स्वतः जवळपास असेच वापरते. फक्त खड्यांच्या थराबद्दल मतभेद नोंदवते, कारण हा सल्ला इतका सर्वत्र दिला जातो की त्याची शहानिशा होणे आवश्यक आहे. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांच्या थरात सहजासहजी उतरत नाही; वरची माती पूर्ण तुडुंब झाल्याशिवाय ते खाली सुटत नाही. परिणामी जो ओला थर कुंडीच्या तळाशी राहिला असता तो खड्यांमुळे वर, मुळांच्या अधिक जवळ येतो. त्यापेक्षा भोकावर केवळ एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवावा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता, आणि खडे मिश्रणातच एकजीव करावेत. भोक नसलेल्या कुंडीत खड्यांचा थर देऊन भागते हे तर मुळीच खरे नाही, कारण साचलेले पाणी जाणार कोठे?

कुंडीच्या आकाराबद्दलही. दोनच मुळे उरलेल्या रोपाला मोठी कुंडी देऊ नका. मुळांच्या पसाऱ्यापेक्षा दोन बोटे रुंद कुंडी पुरे. मुळे न पोहोचणारी माती कोणी उपसत नाही, ती ओलीच राहते. जुनी चिनी मातीची कुंडी आवडत असेल तर तिच्यात मातीची लहान कुंडी ठेवा, पाणी घालताना बाहेर काढा, आणि पूर्ण निथळल्यावरच परत ठेवा.

वाईचा_घाट

आपण कारण समजावून सांगितलेत ते पटले. खडे मी आता मिश्रणातच घालीन.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

सर्वांच्या सांगण्याप्रमाणे केले आहे. काप चामड्यासारखा कोरडा झाल्यावर रोप भाजक्या मातीच्या लहान कुंडीत लावले. मिश्रण हाताला जेमतेम दमट लागेल एवढेच होते, वरून पाणी घातले नाही. पुरेशी मुळे नसल्यामुळे रोप कलत होते, म्हणून दोन बाजूंनी खराट्याच्या काड्या रोवून सुती दोऱ्याने सैल बांधले आहे. आता पहिले पाणी केव्हा द्यावे, आणि ऊन किती असावे?

प्रीतिसंगम_कराड

लावणीनंतर किमान आठवडाभर पाणी नाही. पावसाळी हवेत दहा-बारा दिवस थांबलात तरी बिघडत नाही. त्यानंतर कडेकडेने थोडे पाणी द्या. शेंड्याच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका, त्यातून वरूनही कूज लागते. नवी मुळे फुटायला काही आठवडे लागतात आणि तोपर्यंत पाने पातळच दिसतील, जुनी एखाद-दोन पाने वाळतीलही. बुडाशी पाणचटपणा नसेल तर त्याची काळजी करू नये. रोप रोज उपटून पाहू नका. दोन बोटांनी हलकेच ओढून पाहिल्यावर ते अडले, तर मुळे धरली असे समजा.

ऊन आताच नको. पूर्वेच्या खिडकीचा भरपूर उजेड पुरेसा आहे. मुळे धरल्यावर सकाळचे कोवळे ऊन हळूहळू वाढवत न्या. एकदम कडक उन्हात ठेवले तर पाने लालसर-तपकिरी होतात. खत तर नवे पान येईपर्यंत मुळीच देऊ नका.

पुढे पाण्याचा वार ठरवू नका, माती पाहून पाणी द्या. खराट्याची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून थोड्या वेळाने काढा. तिला ओलसर माती चिकटली तर थांबा. कोरडी निघाली तरच पाणी द्या, आणि तेव्हा मात्र भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर द्या. घोट-घोट पाणी रोज देणे सर्वांत घातक. ताटलीत उतरलेले पाणी लगेच ओतून टाका.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

या धाग्यावर सल्ला देणाऱ्यांना कळवणे माझे कर्तव्य आहे. रोप ओढल्यावर आता अडते, हलत नाही. शेंड्यातून एक नवे पान निघाले आहे; ते जेमतेम नखाएवढे असून त्याच्या कडेचे काटे अगदी मऊ आणि पांढरट आहेत. जुनी पाने भरू लागली आहेत, वळलेल्या कडा उलगडत आहेत. वेगळे केलेले पिल्लूही लागले आहे.

पाचगणी_टेबललँड

हा धागा वाचून मी आमची कोरफड तपासली आणि तिची कूज बुंध्यात फार वरपर्यंत गेलेली आढळली. शेंडाही मऊ पडला आहे, पण बाहेरची तीन पाने ठणठणीत आहेत. ती पाने मातीत खोवून नवे रोप तयार होईल का? आणि ज्या रोपाला औषधात बुडवले त्याचा गर नंतर केसांना किंवा चेहऱ्याला वापरता येतो का?

मिरजेची_गच्ची

पानापासून होणार नाही. पानफुटीला पानातून रोप येते, कोरफडीला येत नाही. तिच्या सुट्या पानात नवा कोंब फोडणारा भाग नसतो, ते काही दिवस हिरवे राहून शेवटी कुजते. शेंडा गेला असेल तर बुंध्याशी एखादे बारीक पिल्लू मातीखाली दडले आहे का ते नीट पाहा, अगदी करंगळीच्या पेराएवढे असले तरी ते वेगळे करून जगवता येते. पिल्लू नसेल तर ती पाने, औषध लावलेले नसेल तर, वापरून संपवावीत आणि उरलेली माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नये.

द्राक्षबाग_तासगाव

गराबद्दल सांगतो. मेटॅलॅक्सिल हे आंतरप्रवाही औषध आहे, म्हणजे ते मुळांतून आत शोषले जाऊन पानांपर्यंत पोहोचते. वरून धुतल्याने ते जात नाही. द्राक्षाला फवारणी ते काढणी यांच्यातल्या दिवसांचा हिशेब ठरलेला असतो, घरच्या कोरफडीसाठी तसा हिशेब कोठे लिहिलेला नाही. म्हणून औषधात बुडवलेले रोप शोभेचेच समजावे आणि त्याची पाने पोटात घेऊ नयेत, अंगालाही लावू नयेत. साताऱ्याच्या ताईंच्या रोपाचे जे पिल्लू औषध न लावता वेगळे केले असेल, ते मोठे झाल्यावर घरच्या वापरासाठी ठेवावे, आणि दोन्ही कुंड्यांवर खूण करून ठेवावी.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

पिल्लाला केवळ हळद लावली होती. त्याच्या कुंडीला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढून घेते, म्हणजे घरात कोणाचाही गोंधळ होणार नाही.